बिबट्या चषक कसा भरवावा

(कर्जत-खालापूरच्या होतकरू मंडळांसाठी पहिली, आणि बहुधा शेवटची, मार्गदर्शिका)

दहीहंडी झाली, टेनिस बॉलचे चषक झाले, कोर्टकचेरीतून सुटून बैलगाडेही पुन्हा धावू लागले. आता गावात नवं काय करावं, हा प्रश्न कर्जत-खालापूरच्या प्रत्येक होतकरू मंडळाला पडलेला दिसतो. त्यांच्यासाठी एक कोरी कल्पना आहे : शिकारी जनावरं मारण्याची जाहीर स्पर्धा. कल्पना अमेरिकेतली आहे, त्यामुळे वर्गणी मागताना चार शब्द इंग्रजीत बोलता येतात.

आधी तिकडची पद्धत समजून घ्या. शनिवार-रविवार गाठायचा. दोघातिघांच्या संघांनी प्रवेश फी भरायची. मग रात्र-दिवस हिंडून कोयोट मारायचे. कोयोट म्हणजे कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून लहान असं तिकडचं जनावर. ठरलेल्या वेळी सगळे मुडदे एका आवारात आणून वजनकाट्यावर टाकायचे. सर्वांत जास्त मारणाऱ्याला बक्षीस, सर्वांत जड मारणाऱ्याला बक्षीस, काही ठिकाणी सर्वांत लहान मारणाऱ्यालाही. बक्षीस म्हणजे रोख रक्कम, नाहीतर आणखी एक बंदूक.

यावरून तिथे मोठं भांडण आहे. ते राज्याच्या वन्यजीव आयोगापुढे येतं. सुनावणीत एका बाकावर मेंढपाळ आणि शिकारी बसतात, समोरच्या बाकावर प्राणिप्रेमी, आणि त्यांच्या जोडीला असेही काही जुने शिकारी, ज्यांना मुडद्यांच्या ढिगासमोर फोटो काढणं लाजिरवाणं वाटतं. कॅलिफोर्नियाच्या आयोगाने २०१४मध्ये अशी बक्षिसं बंद केली. २०१९मध्ये ॲरिझोनाच्या आयोगाने, २०२३मध्ये ओरेगॉनच्या आयोगाने तेच केलं. व्हरमाँट, न्यू मेक्सिको, न्यूयॉर्क या राज्यांनी थेट कायदे केले. टेक्साससारख्या राज्यांत मात्र चाललंय. एक गोष्ट ध्यानात ठेवा : तिथल्या वन्यजीव खात्यांचा मोठा खर्च शिकारीच्या परवान्यांच्या फीवर आणि बंदूक-काडतुसांवरच्या करावर चालतो. हा कर १९३७पासून याच कामाला लावला जातो. ज्याच्या पैशावर घर चालतं त्यालाच चार गोष्टी सुनवायच्या, म्हणजे आवाज थोडा बसणारच. आपल्या वनखात्याला ही अडचण नाही. त्याच्या अडचणी निराळ्या आहेत, त्या ओघाने येतील.

आता आपल्या स्पर्धेकडे वळू.

गाव तपासून घ्या

पत्रिकेवर 'रायगड' हे ठळक छापा. महाराष्ट्रात कर्जत दोन. दुसऱ्या, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य आहे. तुमचे बंदूकधारी स्पर्धक पत्ता चुकून तिकडे उतरले, तर स्पर्धा सुरू होण्याआधीच निकाल लागेल. काळविटाच्या शिकारीचा खटला या देशात कसा आणि किती वर्षं चालतो, हे सिनेमा बघणाऱ्या कोणालाही विचारा.

मैदान

आपल्या मैदानाला तोड नाही. पूर्वेला भीमाशंकरचा कडा, त्याखाली खांडस, पेठचा कोथळीगड, दक्षिणेला कोंढाणे आणि राजमाचीची बाजू, पश्चिमेला माथेरान, आणि त्याला लागून खालापूर-पनवेलच्या हद्दीवरचे प्रबळ आणि इर्शाळ. भीमाशंकर १९८५पासून अभयारण्य, माथेरान २००३पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. उरलेल्या जागेवर एन.ए. प्लॉटच्या पाट्या. त्यामुळे प्रत्येक नवशिका विचारतो, अभयारण्याच्या रेषेबाहेर उभं राहून मारलं तर चालेल ना? नाही. शिकारबंदी जागेला चिकटलेली नाही, जनावराला चिकटलेली आहे. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १मध्ये आहे. तो अभयारण्यात असो, तुमच्या पडवीत असो किंवा खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत असो, १९७२चा हा कायदा त्याच्या सोबत चालतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर. इथे बिबट्या दिसत नाही. जुन्नर-शिरूरकडे उसाचे मळे आहेत, तिथे मादी उसातच विते आणि पिल्लं उसालाच जंगल समजतात. आपल्याकडे भात. दसरा-दिवाळीला कापणी झाली की खाचरं उघडी पडतात आणि लपायला डोंगराशिवाय जागा उरत नाही. इथला बिबट्या डोंगरात राहतो, रात्री वाडीच्या कडेला येतो, कुत्रं किंवा कोंबडी उचलतो आणि उजाडायच्या आत परत जातो. सकाळी ओल्या मातीत ठसा, एवढीच हजेरी. देशातल्या बिबट्यांचा २०२२चा अंदाज १३,८७४, त्यांत महाराष्ट्राचे १,९८५, आणि शेतशिवारात राहणारे त्या गणतीत धरलेले नाहीत. यांतले तुमच्या शनिवार-रविवारी कर्जतला किती येतील, हे कोणी लिहून देणार नाही. प्रेक्षकांसाठी मंडप घालणार असाल तर करमणुकीची दुसरी सोय ठेवा.

परवानगी

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, पोलिसांची ध्वनिक्षेपकाची परवानगी आणि वीजजोडणी हे तुम्हाला ठाऊकच आहे. चौथा कागद थोडा लांब आहे. कर्जत, खालापूर किंवा माथेरानचे वनक्षेत्रपाल तो देऊ शकत नाहीत, अलिबागचे उपवनसंरक्षकही नाहीत. तो नागपूरला बसणाऱ्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या सहीचा असतो.

अर्जात 'बिबटे मारण्याबाबत' असं लिहू नका, पहिल्याच टेबलावरून परत येईल. अनुसूची १मधल्या जनावरांबाबत कायद्याचं कलम ११ अनेकवचनात बोलतच नाही. ते विचारतं : कोणता? त्याच जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका झाला आहे का? त्याला पकडता येणार नाही, बेशुद्ध करता येणार नाही, हलवता येणार नाही, याची खात्री झाली आहे का? मग कारणं लेखी नोंदवायची आणि त्या एका जनावरापुरता हुकूम काढायचा. त्याचं वजन किती, हा रकाना अर्जात नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे मारलं तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे. पण जीव वाचवण्याच्या प्रसंगाची प्रवेश फी घेता येत नाही.

इथे मंडळातला एखादा अभ्यासू कार्यकर्ता उठून म्हणेल, "बैलगाडा नाही का सुटला? मग हे पण सुटेल." मुद्दा टाळ्या घेणारा आहे. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, २०१७मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने ती मान्य केली. फक्त शर्यत संपल्यावर बैल संध्याकाळी गोठ्यात परत येतो, मालक त्याला अंघोळ घालतो आणि पेंड चारतो. ही तरतूद तुमच्या स्पर्धेत कशी बसवायची, ते त्या कार्यकर्त्यालाच विचारा.

स्पर्धक, हाकारे आणि बक्षीस

आपल्या भागात स्पर्धकांची वाण नाही. शेतघरावर शुक्रवारी रात्री येणारे, गाडीच्या डिकीत एअरगन टाकून आणणारे, शनिवारी सकाळी होल्यावर नेम धरणारे पाहुणे कुणी पाहिले नाहीत? ठरावीक ताकदीच्या आतली एअरगन परवान्याशिवाय मिळते, यावरून तिने काय मारावं याचाही परवाना मिळाला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

त्यांना कायद्यातली शिकारीची व्याख्या वाचून दाखवा. मारणं ही शिकारच. पण पकडणं, फास लावणं, विष घालणं, त्यासाठी हाकारे देऊन जनावर उठवणं, आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हीसुद्धा शिकार. म्हणजे ज्याला दोन रात्रींत मांजरही दिसलं नाही तो स्पर्धकही पात्र ठरतो, आणि डबे वाजवणारी पोरंही. शेवटून पहिल्या आलेल्याला एवढा मान दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत नाही.

बक्षिसांची चिंता करू नका, ती सरकारने आधीच जाहीर केली आहेत. अनुसूची १मधल्या जनावरासाठी कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, वर २५ हजारांपासून पुढे दंड. बंदूक आणि गाडी जप्त होते. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता असल्यामुळे कातडं, नखं, दात, मिशीचा केस, काहीही घरी नेता येत नाही. विजेत्याने सेल्फी मात्र जरूर काढावा आणि लगेच सगळ्या ग्रुपवर टाकावा. तपास अधिकाऱ्याचं काम हलकं होतं.

गुण कसे द्यावेत

मार्गदर्शिकेतला हा सर्वांत अवघड भाग आहे. अमेरिकेतली स्पर्धा जिथे फसते तिथेच तुमचीही फसेल, म्हणून इथे थोडं थांबू.

स्पर्धेला आकडा लागतो. संघ अ : तीन, संघ ब : दोन. आकडा लावायचा तर प्रत्येक डोकं सारखं धरावं लागतं. पण ज्याची शेळी गेली त्याचं भांडण शेळी नेणाऱ्याशी असतं, तीन खोरी पलीकडे घुशी खाऊन जगणाऱ्या दुसऱ्याशी नाही. टेक्सासच्या रानात सर्वांत वजनदार कोयोट मारणाऱ्याला कोणी विचारत नाही, की बाबा, कोकरू नेणारा हाच होता का? काट्याला तो प्रश्न कळत नाही.

यावरची परीक्षा महाराष्ट्राने देऊन झाली आहे, तीही गोळी न झाडता. २००१पासून जुन्नर भागात बिबटे सापडतील तसे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा लागला. लोक ओरडत होते, पिंजरे भरत होते, रोज आकडा सांगता येत होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळाचा हिशोब मांडला. आधीची काही वर्षं माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. हलवाहलवीच्या काळात ते सरासरी १७वर गेले. बिबट्याची हद्द ठरलेली असते. जुना, वाटा ओळखणारा, माणसाला टाळायला शिकलेला बिबट्या उचलला की त्याची जागा रिकामी राहत नाही. तिथे नवा येतो, बहुतेक वेळा तरणा आणि अननुभवी. आणि जो उचलून नेला तो अनोळखी रानात पिसाटासारखा फिरतो.

किंवा परतीची वाट धरतो. अहिल्यानगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका थोराड नराला २००९मध्ये गळ्यात कॉलर घालून माळशेजला सोडलं. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. तो घाट उतरला, कसाऱ्याच्या रेल्वेपट्ट्यातून गेला, वसईची खाडी ओलांडली आणि सुमारे १२० किलोमीटर चालून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. त्या खाडीला मिळणारी उल्हास नदी आपल्याच कर्जतच्या डोंगरातून निघते. एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसाला हात लावला नाही. २०११मध्ये महामार्गावर एका वाहनाने त्याला उडवलं. त्या वाहनचालकाला कोणी चषक दिला नाही, कारण स्पर्धा अजून जाहीर झाली नव्हती.

थट्टेबाहेरचा मजकूर

इथे थट्टा बाजूला ठेवतो. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत बिबट्याने तीन माणसं मारली, त्यांत दोन लहान मुलं. लोकांनी रस्ता अडवला, वनखात्याची गाडी जाळली. त्यानंतर परवानगी आली आणि नेमबाजांनी बिबट्या टिपला. ज्याच्या अंगणातून मूल गेलं त्याला हद्दीचं शास्त्र ऐकवायला जाणारा माणूस निर्लज्ज म्हणायचा. तिथे एकच प्रश्न उरतो, आणि तो रागाचाच आहे : तो एक ओळखायला, पिंजरा लावायला आणि नागपूरची सही यायला तिसरा जीव जावा का लागला? ही खरी तक्रार आहे, आणि ती वनखात्याच्या संथपणाची आहे. माणसं अपुरी, पिंजरे अपुरे, ठसे आणि कॅमेरे लावून त्या एकाला हेरण्याची घाई नाही.

पण या तक्रारीतून जे निघालं ते पाहा. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात जुन्नरचे आमदार बिबट्याच्या वेशात विधानभवनात आले. वनमंत्री गणेश नाईक यांनी हिशोब सांगितला : चार माणसं गेली की भरपाईपोटी एक कोटी द्यावे लागतात, त्यापेक्षा कोटीच्या शेळ्याच जंगलात सोडू. माणशी २५ लाख, गुणिले चार; गणित बरोबर आहे. फक्त शेळ्यांना जंगलातच थांबायचं आहे, हे शेळ्यांना कोण सांगणार? खांडसच्या एखाद्या ठाकर बाईला विचारा. तिच्या शेळ्या दोरीला बांधल्या तरी एका जागी थांबत नाहीत. नसबंदीचा प्रस्ताव आला, अनुसूची बदलण्याची मागणी आली. सगळ्यांत 'बिबटे' हे अनेकवचन. 'तो बिबट्या' म्हणण्याची शिस्त कलम ११मध्ये होती, ती कोणालाच नको होती.

२०१८मध्ये यवतमाळच्या अवनी वाघिणीच्या बाबतीतही भांडण एकाच जनावराचं होतं, म्हणून निदान प्रश्न तरी नेमके विचारता आले. मारेकऱ्याला परवानगी होती का, बेशुद्धीचा डार्ट आधी मारला का मागून खोचला, ठसे आणि डीएनए तिचेच का. २ नोव्हेंबरच्या रात्री ती मेली, आणि त्या प्रश्नांवर नंतरही चौकश्या, न्यायालयं चालू राहिली. त्या परिसरातल्या गावांनी मात्र पेढे वाटले. तेरा माणसं गमावलेल्या मुलखाला पेढे वाटल्याबद्दल मुंबईतून दोष देणं सोपं आहे. मला ते जमत नाही.

पूर्वपीठिका

अहवालात ऐतिहासिक प्रस्तावना हवी असेल तर ही घ्या. अशी स्पर्धा या देशात एकदा होऊन गेली आहे, निदान अर्धं शतक चालली, आणि आयोजक खुद्द सरकार होतं. मारलेल्या शिकारी जनावरामागे इंग्रजांनी रोख इनाम लावलं होतं. कातडं किंवा डोकं कचेरीत आणून द्या आणि पैसे घ्या. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या काळात ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखांहून जास्त बिबटे आणि दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले. आपलं कर्जत त्या काळाच्या सुरुवातीला ठाणे जिल्ह्यात होतं. आज कर्जतच्या डोंगरात वाघ राहत नाही, त्यामुळे त्या गटातले सामने घेता येणार नाहीत. सह्याद्रीच्या वाड्यांत दिवाळीच्या तोंडावर वाघबारस मात्र अजून पाळतात. वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि गुरं सांभाळ म्हणतात. तिथे वर्गणीचं पुस्तक नेऊ नका. देवालाच चषकात उतरवायचं म्हटल्यावर लोक ऐकून घेणार नाहीत.

चालू स्पर्धा

एवढं वाचून तुमचा उत्साह मावळला असेल तर एक बातमी : तुम्ही भरवा किंवा न भरवा, कर्जत-खालापुरात ही स्पर्धा बिनपरवाना चालूच आहे. तिला फ्लेक्स नाही, म्हणून दिसत नाही.

डुकरासाठी बांधावर मोटरसायकलच्या क्लच वायरची फासकी लावलेली असते. डुक्कर भात खातं, शेतकरी रात्र-रात्र जागतो, त्याचा राग खरा आहे. पण फासकीला डुक्कर कोण आणि बिबट्या कोण हे कळत नाही. तिच्यात कमरेला अडकलेला बिबट्या रात्रभर ओढाताण करतो, वायर आत रुतत जाते. कोकणपट्टीत असे बिबटे पुन्हा पुन्हा सापडतात. मार्चपासून डोंगराला लागणारे वणवे. त्यांतले बरेच आपोआप लागत नाहीत, ससा नाहीतर भेकर उठवायला लावतात. द्रुतगती महामार्ग खालापूर तालुक्याच्या मधोमध गेला आहे, रात्री त्याच्या कठड्यापाशी आलेल्या जनावराला पलीकडे जायची सोय शोधावी लागते. शेतघरांची कुंपणं ओढ्याच्या पात्रापर्यंत आली, जिथून ते आधी जायचं. आणि त्याच शेतघरांच्या मागे रविवारी रात्री फेकलेली बिर्याणी. तिच्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांवर बिबट्या येतो, आणि सोमवारी मालक मुंबईहून वनखात्याला फोन करून विचारतो, तुमचा बिबट्या माझ्या प्लॉटवर काय करतोय?

या स्पर्धेत गुण कोणी मोजत नाही, म्हणून ती बंद करायची सुनावणीही कुठल्या आयोगापुढे लागत नाही. माझं मत विचाराल तर चषकावरच्या बंदीपेक्षा फासकीवरची बंदी अंमलात आणायला जास्त हिंमत लागते, कारण चषक भरवणारा पाहुणा असतो आणि फासकी लावणारा शेजारी.

साहित्याची यादी

मंडळाकडे जमलेली वर्गणी परत करणं अवघड असेल, तर ती अशी खर्चा. वाडीतल्या शेळ्यांच्या गोठ्याला वरून आणि चारी बाजूंनी जाळी. रात्री परसाकडे जाणाऱ्यांसाठी रस्त्यावर दोन दिवे. शेतघरांसाठी झाकणाचे कचऱ्याचे पिंप. शेळी गेली तर भरपाईचा अर्ज भरून देणारा एक लिहिता-वाचता पोरगा. पंचनामा लवकर व्हावा लागतो आणि मेलेलं जनावर हलवायचं नसतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं. संध्याकाळी मुलांना एकटं ओढ्याकडे पाठवू नका. बिबट्या समोर आलाच तर पळू नका आणि वाकू नका; उभं राहा, आवाज करा, त्याला निघायला वाट द्या. विहिरीत पडलेला दिसला तर गर्दी करू नका, दगड मारू नका. शिवारात फासकी दिसली तर जागा लक्षात ठेवा आणि वनखात्याच्या हॅलो फॉरेस्ट क्रमांकावर कळवा : १९२६. फोन फुकट आहे, प्रवेश फी नाही.